अनुभवी कसे व्हावे : नव्याने रुजू झालेल्यांसाठी

अभिनंदन. नियुक्तिपत्र आलं, वैद्यकीय तपासणी उरकली, मस्टरवर सही झाली. आता तुमच्यात एकच उणीव राहिली आहे आणि ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत निदान तीन जण तुम्हाला ऐकवतील : तुम्हाला अनुभव नाही. घाबरू नका. बाकी सगळ्या पात्रतांसाठी काहीतरी करावं लागतं. ही नुसती बसून मिळते. फक्त बसायचं कसं, हे आधी समजून घ्यायला हवं. सरकारी कार्यालय, सहकारी बँक, चाकणचा कारखाना, हिंजवडीतली आयटी कंपनी, कुठेही ही पद्धत चालते. खुर्च्या वेगळ्या असतात, एवढंच.

सुरुवात वाक्यांपासून करावी, कारण ती लगेच वापरता येतात. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे तुम्हाला पाच वर्षं तरी वापरता येणार नाही, पण ‘हे इथे चालत नाही’ हे तिसऱ्या महिन्यापासून हरकत नाही. ‘ते आम्ही पूर्वी करून बघितलंय’ हे सगळ्यांत बलवान वाक्य. ते म्हणताना पथ्य एकच पाळायचं : कधी केलं, कुणी केलं आणि नेमकं काय झालं, यातलं काही सांगायचं नाही. एखाद्या नवख्यानं विचारलंच, तर खिडकीबाहेर बघून ‘ती मोठी स्टोरी आहे, सांगेन कधीतरी’ म्हणावं. तपशील दिला की तो तपासता येतो आणि तपासलेला अनुभव फार दिवस टिकत नाही.

‘केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत’ हे वाक्य मात्र केस खरोखर पांढरे होईपर्यंत राखून ठेवावं. कलप लावणाऱ्यांनी ते कधीच वापरू नये. (आयटीत काम करणाऱ्यांनी कलप जरूर लावावा. तिथे पंचेचाळिशीनंतरच्या अनुभवाला ‘खर्च’ म्हणतात.)

आता वर्षं मोजायला शिका. अनुभव वर्षांत मोजतात, कारण वर्षं मोजायला सोपी. काम किती नीट होतंय हे मोजायचं तर कामाजवळ जावं लागतं, बघावं लागतं, शिवाय वाईटपणा येतो. म्हणून जाहिरातीत ‘५ ते ७ वर्षांचा अनुभव आवश्यक’ असं छापतात आणि सगळे सुटतात. चॅड व्हॅन इडेकिंग नावाचे अमेरिकी प्राध्यापक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली जुने ८१ अभ्यास एकत्र करून पाहिले. उमेदवाराचा आधीच्या नोकऱ्यांतला अनुभव आणि नव्या नोकरीतलं काम, यांचा संबंध किती? शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पक्का, अशा पट्टीवर उत्तर आलं ०.०६. हा आकडा भरती करणाऱ्यांच्या टेबलावर ठेवू नये. त्यांचंही पोट आहे.

यावर कुणीतरी डॉक्टरांचं उदाहरण देईलच : ‘उद्या ऑपरेशनची वेळ आली, तर नवशिक्याकडे जाल का?’ मुद्दा बिनतोड वाटतो आणि ऑपरेशनपुरता तो बराचसा खराही आहे. पण २००५ साली नितीश चौधरी आणि त्यांच्या हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांची प्रॅक्टिसची वर्षं आणि उपचारांचा दर्जा यांचा ताळा करणाऱ्या ६२ तपासण्या एकत्र मांडल्या. निम्म्याहून अधिक ठिकाणी वर्षं वाढत गेली तसा दर्जा प्रत्येक मोजमापावर उतरत गेलेला दिसला. हात सराईत होतो. डोक्यातलं पुस्तक मात्र पदवी घेतली त्या सालचंच राहतं. आपण ज्यांना ‘जुने-जाणते’ म्हणतो, त्यांतल्या काहींच्या बाबतीत या जोडशब्दाचा पहिला अर्धाच खरा असतो.

इथे एक स्वाध्याय. कागद-पेन घ्या, सोपा आहे.

तुमच्याकडे तीन भांडी आहेत : पहिल्यात २१ लिटर मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. नेमकं १०० लिटर पाणी मोजून द्यायचं आहे. थोडं डोकं खाजवलं की जमतं : मोठं पिंप भरा, त्यातून पहिलं भांडं एकदा भरून काढा, मग तिसरं दोनदा. १२७ वजा २१ वजा ६. शाब्बास. अशीच आणखी चार-पाच गणितं मी देतो. आकडे वेगळे, रीत तीच. तुमचा हात बसला, तुम्ही अनुभवी झालात. आता हे घ्या : भांडी २३, ४९ आणि ३ लिटरची, पाणी हवं २०. तुम्ही ४९ भरलं, त्यातून २३ काढलं, मग दोनदा ३. उत्तर बरोबर. शेजारी बसलेल्या, आधीचं एकही गणित न सोडवलेल्या पोरीनं तोवर २३ मधून ३ काढून पाणी दिलं आणि ती चहाला गेली.

अजून एक : २८, ७६ आणि ३, पाणी हवं २५. इथे आपली सिद्ध रीत लावून बघा. ४२ येतात. पुन्हा लावा, पुन्हा ४२. अब्राहम लुचिन्स यांनी हा प्रयोग १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यात सराव झालेल्यांपैकी पुष्कळ जण या गणितापाशी अडले. सराव न झालेल्यांना ते गणित वाटलंसुद्धा नाही. काही गटांना तर लुचिन्सनी मध्येच कागदावर ‘आंधळेपणा करू नका’ अशा अर्थाची सूचना लिहायला लावली होती. तेवढ्यानं काही जण भानावर आले, सगळे नाही.

नवशिक्यांनी यातून इतकंच घ्यावं, की सरावाच्या काळात मिळालेली रीत सोडायची नाही. पाणी ४२ लिटर भरलं, तर मागणी चुकीची होती असा शेरा मारून नस्ती परत पाठवावी.

आता या मार्गदर्शिकेतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. तो घाईत वाचू नका.

नुसत्या वर्षांनी अनुभवी होता येतं हे खरं, पण वाटेत एक धोका आहे : काम तुम्हाला उत्तर देऊ शकतं. तुम्ही निर्णय घेता, थोड्या वेळानं त्याचा परिणाम समोर येतो आणि आपण बरोबर होतो की चूक हे स्वच्छ दिसतं. असं वारंवार घडू लागलं, तर माणूस खरोखर शिकतो. गॅरी क्लाइन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांबरोबर हिंडले. त्यांनी नोंदवलेला एक प्रसंग आहे. एका घराच्या स्वयंपाकघराला आग लागलेली. जवान पाणी मारतात, आग हटत नाही. अधिकारी बैठकीच्या खोलीत उभा. खोली नको इतकी तापलेली, पण एवढ्या आगीचा आवाज मात्र नाही. काय चुकतंय ते त्याला सांगता येत नव्हतं, तरी त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. ते बाहेर पडले आणि ते उभे होते ती जमीन खचली. खरी आग खाली, तळघरात होती. आपल्याला काहीतरी सिद्धी आहे असं त्या अधिकाऱ्याला वाटत होतं. सिद्धी कसली, शेकडो आगींनी त्याला तोंडावर उत्तरं दिलेली होती आणि या आगीचं वागणं त्या उत्तरांत बसत नव्हतं.

दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांचा अशा ‘आतल्या आवाजा’वर फारसा विश्वास नव्हता. क्लाइन आणि ते, दोघे वर्षानुवर्षं विरुद्ध बाजूंना उभे. शेवटी त्यांनी एकत्र बसून २००९ साली एक लेख लिहिला. भांडायला बसले आणि एकमत करून उठले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अनुभवी माणसाच्या अंदाजावर भरवसा ठेवावा की नाही, हे त्या माणसाच्या आत्मविश्वासावरून ठरवू नका. त्याच्या कामाला काही नियमितपणा आहे का आणि त्याला आपल्या अंदाजांची उत्तरं वेळच्या वेळी मिळत आली का, एवढं बघा.

या कसोटीला सर्वांत चांगलं कोण उतरतं माहीत आहे? हवामानाचा अंदाज सांगणारे. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची इमारत आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं म्हणून पुणेकर तिला अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या करतात. पण अमेरिकेत मर्फी आणि विंकलर यांनी १९७७ साली तिथल्या हवामान अंदाजकारांचा हिशेब तपासला, तेव्हा पावसाची शक्यता तीस टक्के म्हटलेल्या दिवसांपैकी साधारण तितक्याच दिवशी पाऊस पडलेला निघाला. कारण उघड आहे. दुसऱ्या दिवशी पाऊस पडतो किंवा पडत नाही, आणि ते अख्ख्या गावाला दिसतं. या लोकांना अनुभवापासून पळायला जागाच नाही.

तुम्हाला आहे. आपल्या कार्यालयांनी ती मोठ्या दूरदृष्टीनं करून ठेवली आहे. मुलाखती घेण्याचं काम बघा. वीस-वीस वर्षं मुलाखती घेतलेले साहेब सांगतात, ‘माणूस दारातून आत आला की मी ओळखतो.’ ज्यांना त्यांनी नापास केलं, ते पुढे कुठे गेले, काय झाले, हे त्यांना कधीच कळत नाही. नाकारलेल्यांपैकी एकही जण परत येऊन त्यांना खोटं पाडत नाही. आत घेतलेल्यांपैकी जे बरे निघाले ते साहेबांची पारख आणि जे वाईट निघाले ते हल्लीच्या पिढीचा दोष. वीस वर्षांत एकही चूक सापडत नाही. आत्मविश्वास वाढेल नाही तर काय?

बँकेत कर्ज मंजूर करणारा वेगळा आणि ते थकतं तेव्हा त्या खुर्चीत बसलेला वेगळा. सरकारात तर यासाठी कायद्याचीही साथ आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कामातला विलंब, या दोन्हींसाठी महाराष्ट्रात मिळून एकच अधिनियम आहे, २००५ चा. एका पदावर साधारण तीन वर्षं, मग बदली. नस्ती एकाच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांहून अधिक सहसा पडू नये, असंही त्यात आहे. हेतू दोन्ही चांगले. एका जागी मुळं रुजली की त्यांना काय काय फळं लागतात हे आपण जाणतो. पण निर्णयाचं पुढे काय झालं हे निर्णय घेणाऱ्याला कळवण्याची मुदत कुणी घातलेली नाही. बंधारा मंजूर करणारा पाणी अडतंय की नाही हे बघायला नसतो. गळका बंधारा ज्याच्या वाट्याला येतो तो म्हणतो, माझ्या आधीच्यांनी केलंय. दोघांच्याही सेवापुस्तकात वर्षं मात्र चढत राहतात.

तुम्हाला बदली किंवा बढतीची सोय नसेल, तर भाषेचा आधार घ्यावा. ‘नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी’ असा शेरा लिहिला की परिणाम काहीही होवो, तो तुमचा नसतो. ‘चर्चा करावी’ त्याहून उत्तम. चर्चेला तारीख घालू नये.

बैठकीत कसं वागावं, ते आता बघू. सर्वांत वरिष्ठानं सर्वांत आधी बोलावं, आपलं मत स्पष्ट सांगावं आणि मग ‘बोला, मोकळेपणानं बोला’ म्हणून टेबलाभोवती नजर फिरवावी. म्हणजे बैठक पंधरा मिनिटांत संपते. आपल्या लष्करी न्यायालयांत याच्या बरोबर उलटी रीत आहे : मत घेताना सर्वांत कनिष्ठ हुद्द्याच्या सदस्यापासून सुरुवात करायची, म्हणजे साहेबांच्या मताची सावली त्याच्यावर पडत नाही. शिस्त म्हटलं की आपण ज्यांचं उदाहरण देतो त्यांनीच असं करावं, याचं कार्यालयांनी वाईट वाटून घेऊ नये.

कनिष्ठांना एकच नियम : शंका एकदा, हळू आवाजात विचारावी आणि वरिष्ठ ठामपणे बोलले की सोडून द्यावी.

हा नियम कुठवर नेतो, ते सांगायला हवं. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या एका विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लहानशा लॉस रोदेओस विमानतळाकडे वळवलेली. धावपट्टीवर धुकं उतरलेलं. केएलएमच्या जम्बो जेटचे कप्तान म्हणजे त्या कंपनीचे ७४७ विमानांचे प्रमुख प्रशिक्षक. कंपनीच्या जाहिरातींत ज्यांचा चेहरा असे, असे. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा थोड्याच काळापूर्वी त्यांनीच घेतलेली. पहिल्यांदा त्यांनी इंजिनांचा वेग वाढवला, तेव्हा अजून परवानगी मिळाली नसल्याची आठवण सहवैमानिकानं दिली आणि ते थांबले. दुसऱ्यांदा निघाले, तेव्हा त्यानं त्यांना अडवलं नाही. समोरचं पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं. झालं आहे, असं कप्तान ठामपणे म्हणाले. कुणी पुन्हा विचारलं नाही. ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं त्याआधी किंवा नंतर गेलेली नाहीत.

अपघाताचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट पुढे आणली. हे कप्तान बराच काळ सिम्युलेटरवर शिकवत होते. तिथे उड्डाणाची परवानगी मागायची कुणाकडे? प्रशिक्षक स्वतःच ती देतो. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, हजारो तासांचा होता. पण त्यातल्या बऱ्याच तासांत त्यांना ‘थांबा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

विमान कंपन्या यावरून शिकल्या. १९७९ साली नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांना त्याचं पद्धतशीर प्रशिक्षण देणं सुरू केलं. कनिष्ठानं बोलायचं कसं आणि कप्तानानं ऐकायचं कसं, हे तिथे विमान चालवण्याइतकंच शिकवतात. कार्यालयांत अपघाताचा आवाज होत नाही, त्यामुळे अशा प्रशिक्षणाची गरज कुणाला भासलेली नाही.

जाता जाता, खरा अनुभव कार्यालयात कुठे साठतो तेही माहीत असू द्या. तो बहुधा शिपायाकडे असतो. कोणती नस्ती कोणत्या कपाटात, कोणते साहेब जेवणानंतर सह्या करतात, जुन्या इमारतीची पाण्याची लाइन कुठून गेली आहे, हे तीन साहेब बदलले तरी त्यालाच ठाऊक. अनुभव असा जागेला चिकटतो, हे रुग्णालयांतही दिसलं आहे. हकमन आणि पिसानो या संशोधकांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले हृदयशल्यविशारद अभ्यासले. एकाच वेळी अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणारे हे लोक. २००६ साली आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की एका रुग्णालयात शस्त्रक्रिया वाढल्या की तिथले निकाल सुधारत, पण त्याच शल्यविशारदाचे दुसऱ्या रुग्णालयातले निकाल त्यामुळे सुधारत नसत. हात तोच, तरी. थोडा अनुभव भोवतालच्या माणसांत राहतो : कोण कुठलं हत्यार न मागता पुढे करतं, कोणाच्या चेहऱ्यावरून काय कळतं, यात. बदलीच्या ट्रकमध्ये तो चढत नाही.

म्हणून तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवू नका. विद्या दिल्यानं वाढते हे शाळेत ठीक होतं. इथे दिली की तुमच्यावाचून अडेनासं होतं. राज्य शासनात बहुतेकांची निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. शाल, श्रीफळ, ‘त्यांची पोकळी भरून निघणार नाही’ हे भाषण. पोकळी खरोखरच भरून निघत नाही, कारण सोमवारी पाण्याची लाइन फुटते आणि नकाशा कुठे आहे हे विचारायला शाल घेऊन गेलेल्या माणसाला फोन करावा लागतो. तो फोन येणं, हाच आपल्याकडचा खरा सत्कार.

एवढी काळजी घेऊनही काहींना अनुभव येतो. लक्षणं सुरुवातीलाच ओळखावीत. माणूस ‘नक्की माहीत नाही, बघून सांगतो’ असं म्हणू लागतो. निर्णय घेताना, याचं काय होईल असं आपल्याला वाटतं, ते डायरीत तारीख घालून लिहून ठेवतो आणि सहा महिन्यांनी उघडून वाचतो. बदली झालेल्या गावी फोन करून ‘त्या बंधाऱ्याचं काय झालं हो?’ विचारतो. बैठकीत सर्वांत नवीन मुलीला आधी बोलायला लावतो. ‘करून बघितलंय’ म्हटल्यावर पुढे सालही सांगतो आणि का फसलं तेही सांगतो. वर ‘तेव्हा इंटरनेट नव्हतं, आता जमेल कदाचित’ असंही म्हणतो. असा माणूस शेजारच्या टेबलावर असेल तर अंतर ठेवा, हे लागण होणारं आहे. वरिष्ठ असेल तर उपाय नाही. त्याच्या हाताखाली दोन वर्षं काढलेली माणसं पुढे कुठेही गेली तरी प्रश्न विचारत राहतात.

शेवटी, नोकरी सोडताना अनुभव प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. त्याचा मसुदा ठरलेला आहे : ‘प्रमाणित करण्यात येते की, श्री./श्रीमती ______ यांनी या कार्यालयात दि. ______ पासून दि. ______ पर्यंत ______ या पदावर काम केले. त्यांची वर्तणूक समाधानकारक होती.’ तुम्ही काय शिकलात यासाठी त्यात रिकामी जागा नाही, ती शोधण्यात वेळ घालवू नका. तारखा मात्र नीट तपासा, एक दिवस इकडचा तिकडे झाला तर पुढे वेतननिश्चितीला त्रास होतो. गोल शिक्का सहीवर अर्धा आला पाहिजे. दोन साक्षांकित प्रती काढून ठेवा.